विश्रांतीचा पगार

२०१५ च्या फेब्रुवारीत डायना टॉरासीने चाहत्यांना उद्देशून एक पत्र लिहिले आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आपण डब्ल्यूएनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, खेळणार नसल्याचे जाहीर केले. तिला दुखापत झालेली नव्हती आणि संघाशीही तिचे काही बिनसले नव्हते. तिचा फिनिक्स मर्क्युरी हा संघ आदल्याच वर्षी अजिंक्य ठरला होता आणि अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान तिलाच मिळाला होता. कारण निराळेच होते. हिवाळ्यात ती रशियातील येकातेरिनबर्गच्या ज्या क्लबकडून खेळत असे, त्या क्लबने उन्हाळाभर न खेळता विश्रांती घेण्यासाठी तिला पैसे देऊ केले होते, आणि ते पैसे फिनिक्सच्या संपूर्ण हंगामाच्या पगाराहून अधिक होते.

रशियातील तिची वार्षिक कमाई १५ लाख डॉलरच्या घरात असल्याचे तेव्हा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. डब्ल्यूएनबीएमध्ये त्या काळी एका खेळाडूला देता येणारा कमाल पगार १ लाख १० हजार डॉलरच्या आत होता, आणि एका संघातील सगळ्या खेळाडूंच्या एकत्रित पगाराची मर्यादाच मुळी १० लाख डॉलरहून कमी होती. महिला बास्केटबॉलमधील जगातली सर्वांत नावाजलेली लीग ज्या रकमेत अख्खा संघ उभा करत होती, त्याहून मोठी रक्कम उरल पर्वताच्या पायथ्याचा एक क्लब एकट्या खेळाडूला देत होता.

टॉरासीच्या दोन दशकांच्या व्यावसायिक कारकिर्दीत विक्रमांची कमतरता नाही. तरीही मला तिच्या कारकिर्दीतील सर्वांत बोलका हंगाम हा न खेळलेला हंगामच वाटतो. महिलांच्या खेळाला प्रेक्षक कमी, म्हणून उत्पन्न कमी, म्हणून पगार कमी, अशी एक सरळ साखळी आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत, आणि ती इतक्या शांतपणे सांगितली जाते की तिच्यामागे कोणी निर्णय घेणारी माणसे आहेत याचाच विसर पडावा. प्रत्यक्षात अमेरिकेतील तुटपुंजा पगार आणि रशियातील भरघोस पगार हे दोन्ही माणसांनी घेतलेले निर्णय होते. बाजाराने ठरवलेला भाव असा त्यांपैकी एकही नव्हता. या दोन निर्णयांच्या मधल्या दरीत एका पिढीने आपली उमेदीची वर्षे घालवली, आणि त्या वर्षांचे मोल आता कसे चुकवायचे हा महिला बास्केटबॉलपुढचा खरा सार्वजनिक प्रश्न आहे.

टॉरासी कॅलिफोर्नियातील चिनो या गावात वाढली. वडील मारिओ इटलीत जन्मलेले आणि अर्जेंटिनात वाढलेले, आई लिलियाना अर्जेंटिनाचीच. २००० मध्ये ती कनेक्टिकट विद्यापीठात दाखल झाली आणि २००२, २००३ व २००४ अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे या संघाने मिळवली. पहिल्या विजेतेपदाच्या वेळी सू बर्ड, स्वीन कॅश अशा मातब्बर खेळाडू सोबत होत्या आणि संघाने ३९ पैकी ३९ सामने जिंकले होते. पुढच्या वर्षी त्या सगळ्या विद्यापीठातून बाहेर पडल्या, तेव्हा संघ पुन्हा जिंकेल असे कशावरून, या प्रश्नावर प्रशिक्षक जिनो ऑरिएमा यांचे उत्तर ठरलेले असे: आमच्याकडे डायना आहे आणि त्यांच्याकडे नाही. हे वाक्य अमेरिकी क्रीडाजगतात आता म्हणीसारखे वापरले जाते. विद्यापीठीय खेळाडूंना आपल्या नावातून पैसे मिळवण्याची मुभा तेथे २०२१ मध्ये मिळाली, त्यामुळे त्या चार वर्षांच्या प्रसिद्धीतून तिच्या हाती काही आले नाही.

२००४ मध्ये फिनिक्सने नव्या खेळाडूंच्या निवडीत तिला पहिल्या क्रमांकावर घेतले. तिचा पहिल्या वर्षाचा पगार ४० हजार डॉलरच्या आसपास होता. त्याच्या आदल्याच वर्षी पुरुषांच्या एनबीएमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या लेब्रॉन जेम्सला पहिल्या वर्षी ४० लाख डॉलर मिळाले होते. फरक शंभर पटींचा आहे. या तुलनेचा जेवढा उपयोग केला जातो तेवढा तिचा अर्थ होत नाही, हे मला मान्य आहे. त्याकडे पुढे येतो.

अशा परिस्थितीत खेळाडू करत काय? त्या परदेशी जात. ही रीत लीगहूनही जुनी आहे. लीगच्या पहिल्या चारही हंगामांत ह्यूस्टन कॉमेट्सला अजिंक्य करणारी सिंथिया कूपर हिची ऐन भराची वर्षे इटलीत गेली होती, कारण तेव्हा अमेरिकेत खेळायला लीगच नव्हती. १९९७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा कूपर चौतिशीत होती. टॉरासीच्या पिढीला लीग मिळाली, पण ती उन्हाळ्यापुरती. मे ते सप्टेंबर अमेरिका आणि ऑक्टोबर ते मे युरोप असा हंगामाला हंगाम जोडत वर्ष भरून काढायचे, आणि त्यातच कधी ऑलिम्पिक, कधी विश्वविजेतेपद स्पर्धा. पहिली दहा वर्षे टॉरासीच्या वाट्याला खेळाडूला आवश्यक असणारा विसाव्याचा काळ जवळजवळ आलाच नाही.

मॉस्कोजवळच्या विदनोये येथील स्पार्टाक क्लबमध्ये तिने जी वर्षे काढली ती एखाद्या कादंबरीत शोभावीत अशी आहेत. क्लबचा सर्वेसर्वा शब्ताई कालमानोविच हा लिथुआनियात जन्मलेला, सोव्हिएत संघासाठी हेरगिरी केल्याबद्दल इस्रायलमध्ये तुरुंगवास भोगून आलेला धनाढ्य उद्योजक होता. त्याने टॉरासी, सू बर्ड, ऑस्ट्रेलियाची लॉरेन जॅक्सन, टीना थॉम्पसन अशा जगातील अव्वल खेळाडू एका संघात आणल्या, त्यांना प्रशस्त घरे दिली, भेटवस्तूंची खैरात केली, आणि २००७ पासून सलग चार वर्षे युरोलीगचे, म्हणजे युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचे, विजेतेपद स्पार्टाककडे राहिले. हा संघ तिकीटविक्रीवर चालत नव्हता, की प्रक्षेपणाच्या हक्कांवर. तो एका माणसाच्या हौसेवर चालत होता. २ नोव्हेंबर २००९ रोजी मॉस्कोत भररस्त्यात कालमानोविचची गोळ्या घालून हत्या झाली.

आपल्याकडे कलेच्या संदर्भात राजाश्रय आणि लोकाश्रय असा भेद केला जातो, तो इथे नेमका लागू पडतो. स्पार्टाकचा आणि पुढे येकातेरिनबर्गचा पैसा हा राजाश्रयाचा पैसा होता. येकातेरिनबर्गच्या क्लबमागे तांब्याच्या खाणी आणि धातूचे कारखाने चालवणारी उरलमधील एक बलाढ्य कंपनी उभी होती. शहराची शान, कंपनीचे नाव आणि मालकांची प्रतिष्ठा यांसाठी ती खर्च करत होती. टॉरासी तेथे २०१२ पासून २०१७ पर्यंत खेळली आणि २०१३ व २०१६ ची युरोलीग विजेतेपदे तिने त्या क्लबला मिळवून दिली. राजाश्रयात कलावंताची कदर होते, पण ती दरबाराच्या मर्जीवर अवलंबून असते. आश्रयदाता गेला, त्याचे लक्ष उडाले किंवा त्याच्या देशाने युद्ध पुकारले की सगळा डोलारा कोसळतो. म्हणूनच रशियाने महिला खेळाडूंना योग्य किंमत दिली आणि अमेरिकेने दिली नाही, अशी सोपी मांडणी मला पटत नाही. रशियातल्या पगाराने एवढेच सिद्ध केले की पैसा देण्याची इच्छा असेल तर खेळात तो देण्याजोगा दर्जा आहे. टिकाऊ व्यवस्था त्यातून उभी राहणार नव्हती आणि राहिलीही नाही.

परमुलखात मजुरी करणाऱ्याची अवस्था किती नाजूक असते, हे दाखवणारा एक प्रसंग तिच्याच कारकिर्दीत आहे. २०१० च्या हिवाळ्यात ती इस्तंबूलच्या फेनरबाचे क्लबकडून खेळत होती. तिच्या नमुन्यात मोडाफिनिल हे बंदी असलेले उत्तेजक सापडल्याचे अंकारा येथील प्रयोगशाळेने कळवले; दुसऱ्या नमुन्याच्या तपासणीचा निकालही तसाच लागला, तिच्यावर खेळण्याची बंदी आली आणि क्लबने करार संपवला. असे औषध आपण कधीही घेतलेले नाही, असे ती सांगत राहिली. २०११ च्या फेब्रुवारीत प्रयोगशाळेने आपला निष्कर्षच मागे घेतला आणि ती निर्दोष ठरली. तोवर जगभर तिच्या नावापुढे उत्तेजकसेवनाचा शिक्का बसून गेलेला होता. ही चूक प्रयोगशाळेची. पण जिथे खेळाडूच्या पाठीशी तिची संघटना नाही, आपल्या ओळखीचा कायदा नाही आणि करार एका सहीने संपतो, अशा ठिकाणी वर्षातले सात महिने कामाला जावे लागणे ही चूक कोणाची? ती प्रयोगशाळेवर ढकलता येत नाही.

आता प्रतिपक्षाकडे वळू, कारण तो दुबळा नाही. एनबीएचे आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी २०१८ मध्ये सांगितले होते की डब्ल्यूएनबीएला स्थापनेपासून दर वर्षी सरासरी एक कोटी डॉलरहून अधिक तोटा होत आला आहे. तोट्यातल्या धंद्याने पगार वाढवायचे कोठून? पुरुषांच्या लीगने पदरमोड करून महिलांची लीग जगवली, नाहीतर तिचीही गत तिच्या प्रतिस्पर्धी लीगसारखी झाली असती, जी १९९६ मध्ये सुरू होऊन १९९८ च्या डिसेंबरात, हंगाम अर्ध्यावर असतानाच, बंद पडली. खुद्द कॉमेट्ससारखा चार वेळचा विजेता संघ २००८ मध्ये खरेदीदार न मिळाल्याने बरखास्त झाला. ही सगळी वस्तुस्थिती आहे, आणि लेब्रॉनच्या पगाराशी थेट तुलना का फसते याचे उत्तरही तीत आहे. एनबीए १९४६ मध्ये सुरू झाली. २००३ मध्ये तिच्यामागे सत्तावन्न वर्षांची पुण्याई होती. एनबीएएवढा पगार मागणे हे घोषणा म्हणून ठीक असेल, मागणी म्हणून ते टिकत नाही, आणि जाणत्या खेळाडूंनी तशी मागणी कधी केलेलीही नाही.

त्यांची मागणी वेगळी आहे. एनबीएमध्ये खेळातून येणाऱ्या उत्पन्नाचा सुमारे निम्मा वाटा करारानुसार खेळाडूंना जातो. डब्ल्यूएनबीएतील खेळाडूंना मिळणारा वाटा त्याच्या आसपासही नव्हता. उत्पन्न कमी असेल तर पगार कमी असावा हे मान्य. पण वाटाही कमी का असावा, याला तोट्याचा दाखला हे उत्तर होत नाही. तोटा ही हिशेबाच्या वहीतील एक ओळ आहे, आणि त्या वहीत प्रक्षेपणाचे हक्क कितीला विकले, ते पुरुषांच्या हक्कांबरोबर एकाच गाठोड्यात बांधून विकले की स्वतंत्रपणे, जाहिरातीवर किती खर्च केला, या सगळ्या नोंदी मालकांच्या हातच्या असतात.

शिवाय मालक काय बोलतात यापेक्षा ते कशावर पैसे लावतात हे पाहावे. २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातील नव्या संघासाठी लीगने ५ कोटी डॉलर प्रवेशशुल्क घेतले. २०२५ च्या जूनमध्ये क्लीव्हलंड, डेट्रॉइट आणि फिलाडेल्फिया या तीन शहरांतील संघांची घोषणा झाली, तेव्हा प्रत्येकाचे शुल्क २५ कोटी डॉलरवर गेले होते. दोन वर्षांत प्रवेशाची किंमत पाचपट होते तो धंदा बुडीत आहे, असे सावकारही म्हणणार नाही.

पैसा कशावर खर्च करायचा हा निर्णय असतो, हे सांगणारी दोन प्रकरणे विमानप्रवासाची आहेत. डब्ल्यूएनबीएचे संघ वर्षानुवर्षे सर्वसामान्य प्रवाशांच्या विमानांनी जात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लास व्हेगास एसेस हा संघ वॉशिंग्टनला निघाला आणि विमानांचे विलंब, रद्द झालेली उड्डाणे, विमानतळावर काढलेली रात्र असे करत करत पंचवीस तासांहून अधिक काळाने, सामन्याला जेमतेम काही तास उरले असताना पोहोचला. सहा फूट उंचीची माणसे विमानतळाच्या खुर्च्यांवर पाय मुडपून झोपली होती. अशा शरीरांनी खेळलो तर दुखापती होतील, असे म्हणून खेळाडूंनी सामना खेळण्यास नकार दिला, आणि लीगने तो सामना वॉशिंग्टनला बहाल केला. त्या हंगामात एसेसची बाद फेरी थोडक्यात हुकली. दुसरे प्रकरण न्यूयॉर्क लिबर्टीचे. या संघाच्या मालकांनी २०२१ च्या हंगामाच्या उत्तरार्धात आपल्या खेळाडूंसाठी स्वखर्चाने खास विमाने ठेवली, तर नियमभंग झाला म्हणून लीगने त्यांना ५ लाख डॉलर दंड केला. या नियमामागे काहीच तर्क नव्हता असे नाही. श्रीमंत मालकाच्या संघाला वरचढपणा मिळू नये हा हेतू समजण्यासारखा आहे. पण समानता साधायची तर सगळ्यांना वर आणता येते, तसे सगळ्यांना खालीही ठेवता येते, आणि लीगने दुसरा मार्ग स्वस्त म्हणून निवडला. २०२४ मध्ये दोन वर्षांसाठी ५ कोटी डॉलर खर्चून सगळ्या संघांना खास विमाने दिली गेली. खेळाडूंची शरीरे २०१८ मध्येही तशीच होती.

टॉरासीच्या विश्रांतीच्या वर्षाचा अर्थ या पार्श्वभूमीवर लागतो. दहा वर्षे अखंड खेळलेल्या बत्तिशीतल्या खेळाडूने एक उन्हाळा सोडला तर ती पुढे अधिक वर्षे आणि अधिक चांगली खेळेल, हा साधा हिशेब तिच्या रशियन क्लबला कळला होता. आपल्याकडे हिवाळ्यात येणारी खेळाडू ताजीतवानी असावी एवढाच त्याचा स्वार्थ होता, आणि त्यासाठी पैसे मोजायची त्याची तयारी होती. फिनिक्सच्या प्रेक्षकांचे त्या वर्षी नुकसान झाले यात शंका नाही. पण वर्षभर राबणाऱ्या शरीराची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तिच्या मायदेशातील लीगने कधी स्वतःला विचारला नव्हता. तो परक्या मुलखातील तांब्याच्या कंपनीने विचारला, ही नामुष्की टॉरासीची नव्हे.

त्या गुंतवणुकीचे फळ अखेर कोणाला मिळाले, हेही पाहण्यासारखे आहे. २०१७ मध्ये रशियात जाणे थांबवल्यानंतर तिचे वेळापत्रक बरेच हलके झाले. शरीराने जुनी थकबाकी वसूल केलीच. २०१९ मध्ये पाठीवर शस्त्रक्रिया झाली आणि तो हंगाम जवळजवळ वाया गेला, २०२१ मध्ये छातीचे हाड मोडले. तरीही ती खेळत राहिली. ३ ऑगस्ट २०२३ रोजी फिनिक्समध्ये अटलांटाविरुद्ध ती उतरली तेव्हा तिला १०,००० गुणांचा टप्पा गाठायला १८ गुण हवे होते. तिने त्या रात्री ४२ केले. ती ४१ वर्षांची होती. त्या वयात एका सामन्यात चाळीसच्या वर गुण लीगमध्ये आजवर कोणी केले नव्हते. तिसऱ्या सत्रात तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारलेल्या फेकीने दहा हजारांचा टप्पा ओलांडला गेला आणि प्रेक्षक उभे राहिले. ती मात्र लगेच बचावाला मागे धावत होती. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी तिने निवृत्ती जाहीर केली तेव्हा तिच्या खात्यावर १०,६४६ गुण होते, लीगच्या इतिहासात सर्वाधिक. (पंचांशी हुज्जत घालून ओढवून घेतलेल्या तांत्रिक दोषांचा विक्रमही तिच्याच नावावर आहे, आणि तो कोणी मोडेल असे वाटत नाही.)

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. टॉरासी ही अन्याय झालेल्यांचे प्रातिनिधिक उदाहरण नव्हे. तिला रशियाचे दार उघडे होते आणि ती तेथून श्रीमंत होऊन आली. खरी कुचंबणा झाली ती संघातील आठव्या, दहाव्या, बाराव्या खेळाडूची, जिला लाखो डॉलर द्यायला कोणी आश्रयदाता नव्हता. ती तुर्कस्तान, इस्रायल, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी मिळेल त्या करारावर हिवाळा काढायची. मोठ्या खेळाडूंची सोय परस्पर लागत असल्यामुळे लीगवर पगारवाढीचा दबाव येत नव्हता आणि लहान खेळाडूंचा आवाज पोहोचत नव्हता. रशियाचा पैसा हा अमेरिकेतील व्यवस्थेला दिलेला एक छुपा आधार होता, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

तो आधार किती महाग होता ते २०२२ मध्ये कळले. टॉरासीची फिनिक्समधील सहकारी ब्रिटनी ग्राइनर त्याच येकातेरिनबर्ग क्लबकडे परतत असताना १७ फेब्रुवारीला मॉस्कोच्या शेरेमेत्येवो विमानतळावर पकडली गेली. तिच्या सामानात गांजाच्या अर्काच्या नळ्या सापडल्या होत्या. आठवडाभरात रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, आणि एका खेळाडूचा खटला दोन महासत्तांच्या सौदेबाजीचा भाग बनला. ४ ऑगस्टला तिला नऊ वर्षांची शिक्षा झाली, पुढे मोर्दोविया प्रांतातील श्रमछावणीत पाठवले गेले, आणि ८ डिसेंबरला शस्त्रास्त्रांचा व्यापारी व्हिक्टर बूट याच्या बदल्यात तिची सुटका झाली. नियम मोडला तर परिणाम भोगावे लागणार, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ भेटले. सामानात ते न्यायला नको होते हे खरेच आहे. पण तिच्या तोडीचा पुरुष खेळाडू फेब्रुवारीत रशियात कशाला जाईल, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

लीगने या सगळ्यावर शोधलेला उपाय म्हणजे प्राधान्याचा नियम. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २०२० च्या सामूहिक करारात पगार खरोखरच वाढले. कमाल पगार २ लाख १५ हजार डॉलरवर गेला, बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार मिळू लागला. त्याच करारात अशी अट आली की २०२३ पासून परदेशातून उशिरा परतणाऱ्या खेळाडूला दंड होईल, आणि २०२४ पासून ठरलेल्या मुदतीत न परतणारी खेळाडू संपूर्ण हंगामाला मुकेल. अगदी नवख्या खेळाडूंना तेवढी सूट होती. आपल्या नोकराने आपलेच काम आधी करावे, ही अपेक्षा गैर नाही. मात्र ती पुरेसा पगार देणाऱ्याच्या तोंडी शोभते. चार-पाच महिन्यांचा पगार द्यायचा आणि बाराही महिन्यांच्या निष्ठेवर हक्क सांगायचा, हा व्यवहार एकतर्फी आहे. पगार एवढा वाढवावा की परदेशी जाण्याची गरजच उरू नये. मग असा नियम करावा लागत नाही. २०२५ च्या जानेवारीत नफीसा कॉलिअर आणि ब्रिआना स्टुअर्ट या दोन खेळाडूंनी मायदेशातच हिवाळ्यात चालणारी, तीन विरुद्ध तीन अशा स्वरूपाची नवी लीग सुरू केली आणि तेथील सरासरी मोबदला डब्ल्यूएनबीएच्या कमाल पगाराच्या जवळपास नेऊन ठेवला. दंडाच्या नियमाने जे साधले नसते ते अशा पर्यायाने साधते.

या चर्चेत ऑलिम्पिक पदके मधे आणणे मला अप्रस्तुत वाटते, पण ती आणली जातात म्हणून बोलावे लागते. अथेन्स २००४ पासून पॅरिस २०२४ पर्यंत टॉरासीने सहा सुवर्णपदके मिळवली. बास्केटबॉलमध्ये एवढी पदके कोणत्याही पुरुषाकडे वा स्त्रीकडे नाहीत. पॅरिसच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने फ्रान्सला ६७-६६ असे एका गुणाने हरवले, आणि त्या सामन्यात ती एक मिनिटही मैदानावर उतरली नाही. तिला संघात घ्यायला नको होते, असे काहींचे मत होते आणि त्याला आधारही होता. तरीही पदकांकडे बोट दाखवून आणखी काय हवे असे विचारणारे विसरतात की देशासाठी खेळलेला प्रत्येक उन्हाळा त्या शरीराच्या विश्रांतीतूनच वजा झालेला असतो. गौरवाने पगाराची भरपाई करण्याची सवय स्त्रियांच्या कामाबाबत समाजाला फार जुनी आहे.

आता लोकाश्रयही आला आहे. ७ एप्रिल २०२४ रोजी झालेला महिलांचा विद्यापीठीय अंतिम सामना अमेरिकेत १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. पुरुषांचा अंतिम सामना पाहणारे दीड कोटीही नव्हते. त्या सामन्यात हरलेल्या संघाची केटलिन क्लार्क आठवडाभराने डब्ल्यूएनबीएमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडली गेली आणि तिचा पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर असल्याचे कळताच, आजवर या विषयाकडे न फिरकलेल्या लोकांनाही धक्का बसला. त्याच वर्षी लीगने प्रक्षेपणाचा अकरा वर्षांचा सुमारे २२० कोटी डॉलरचा करार केला, आणि ऑक्टोबरमध्ये खेळाडूंच्या संघटनेने जुन्या सामूहिक करारातून मुदतीआधी बाहेर पडण्याचा पर्याय वापरला. पगार वाढणार, वाटा वाढणार, हे त्यानंतर केवळ प्रमाणाचे भांडण उरले.

या वाढलेल्या पैशात ज्यांचा वाटा धरला जाण्याची शक्यता सर्वांत कमी, त्या खेळाडू आता खेळत नाहीत. टॉरासीच्या आणि तिच्या आधीच्या पिढीने सामान्य विमानांतून प्रवास करत, हिवाळे परमुलखात काढत ही लीग पंचवीस वर्षे जिवंत ठेवली. प्रक्षेपणाच्या कराराची किंमत त्या सातत्याने घडवलेली आहे, एका खेळाडूच्या आगमनाने नव्हे. क्लार्कने दार ढकलले, पण घर आधीच बांधलेले होते. याबाबत पुरुषांच्या खेळात एक पायंडा पडलेला आहे. १९६७ ते १९७६ या काळात एनबीएशी स्पर्धा करणारी एबीए ही लीग होती. तिचे चार संघ एनबीएत सामावले गेले आणि बाकीचे खेळाडू तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर राहिले. २०२२ मध्ये, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनी, एनबीए आणि तिच्या खेळाडूंची संघटना यांनी मिळून त्या शंभराहून अधिक वृद्ध खेळाडूंसाठी सुमारे अडीच कोटी डॉलर बाजूला काढले. कायद्याने ते देणे लागत नव्हते. तेव्हाच्या खेळातून आजचा खेळ उभा राहिला, हे मान्य करून दिलेली ती रक्कम होती. डब्ल्यूएनबीएतही खेळाडू आणि मालक यांनी नव्या उत्पन्नाचा एक ठरावीक हिस्सा, लीगच्या पहिल्या दोन दशकांत किमान काही हंगाम खेळलेल्या खेळाडूंसाठी राखून ठेवावा. तो नावाच्या वलयावर न वाटता खेळलेल्या वर्षांच्या हिशेबाने वाटला जावा, म्हणजे तो टॉरासीपेक्षा तिच्या शेजारी बाकावर बसलेल्या बाराव्या खेळाडूपर्यंत आधी पोहोचेल. आणि त्यासाठी त्यांना शेहेचाळीस वर्षे थांबायला लावू नये. कूपर आज साठी ओलांडून पुढे गेलेली आहे.